वाघाच्या मापाने वाघाटी सापडणार नाही

२०१८ सालच्या व्याघ्रगणनेत देशातल्या १४१ क्षेत्रांत मिळून २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले गेले. त्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक छायाचित्रं टिपली. त्यांतली ७६,६५१ वाघांची होती आणि ५१,७७७ बिबट्यांची. एवढा मोठा वन्यजीव-कॅमेरा सर्वेक्षणाचा प्रयत्न जगात कुठे झाला नव्हता, म्हणून त्याची नोंद गिनीज बुकातही झाली. या कामाचं मोल मोठं आहे. भारतातल्या वाघांबद्दल आज आपण आकड्यांनिशी बोलू शकतो ते या कामामुळेच. पण याच देशात मार्जारकुळातली अशीही एक जात आहे, जिच्यासाठी हे माप बेतलेलंच नाही. तिचं नाव वाघाटी. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम दीड फूट लांब, आणि वजन एक ते दीड किलो, म्हणजे बाजारातल्या गावठी कोंबडीएवढं. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते. भारत, श्रीलंका आणि नेपाळचा काही भाग सोडला तर ती जगात कुठेही नाही. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्यात ती वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. अभ्यासाच्या बाबतीत मात्र ती वाघाच्या जवळपासही नाही. माझं म्हणणं असं आहे, की हा अभ्यास करायचा असेल तर तो अभयारण्यांच्या आत बसून होणार नाही. तो पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्यासारख्या तालुक्यांत, गावांच्या शिवारात आणि वाघाटीच्या अंगाच्या मापाने बेतलेल्या पद्धतीने करावा लागेल.

आधी हेच तालुके का, ते पाहू. वेल्ह्याला आता राजगड तालुका असं नाव मिळालं आहे, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. तोरणा, राजगड, मढे घाट, रायरेश्वर, वरंधा घाट ही सह्याद्रीची धार पश्चिमेला. तिच्यापासून पूर्वेला नसरापूर-कापूरहोळच्या बाजूने पुणे-सातारा महामार्गापर्यंत आलं, की पन्नास किलोमीटरच्या आतच पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि जमिनीचं रूप पार बदलतं. धारेवर जांभूळ, अंजनी, हिरड्याचं दाट रान. त्याखालच्या उतारांवर कारवी आणि पानगळीचं जंगल. दऱ्यांत भाताची खाचरं, वर नाचणी-वरईचे पट्टे. पुढे करवंदीच्या जाळ्या, गवताचे माळ, पडीक रानं, आणि नीरेच्या काठाने ऊस. मध्ये भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव ही धरणं आहेत. त्यांनी दऱ्यांचे तळ बुडवले आणि शेती-वस्ती उतारांवर सरकली. याच दोन तालुक्यांत गावोगाव देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, तेव्हापासून देवराई हा श्रद्धेच्या बरोबरीने विज्ञानाचाही विषय झाला. जुन्या झाडांच्या ढोल्या, पडलेली खोडं, वर्षानुवर्षं न हललेला पालापाचोळा आता बहुतेक ठिकाणी फक्त तिथेच उरला आहे. लहान मांजराला वीण घालायला आणि दिवस काढायला ज्या जागा लागतात, त्या नेमक्या याच. एका छोट्या प्रदेशात जमिनीचे इतके प्रकार शेजारी शेजारी असणं अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचं आहे. वाघाटी यांपैकी काय निवडते आणि काय टाळते, हा प्रश्न इथे तुलना करून विचारता येतो.

वाघाटी फक्त निबिड अरण्यातच राहते, असा समज असेल तर तो सोडून द्यावा लागेल. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर-आंबेगाव भागात, ऊसतोडीच्या हंगामात फडात वाघाटीची पिल्लं सापडतात. वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं अशा पिल्लांची त्यांच्या आईशी पुन्हा गाठ घालून देत आली आहेत. जुन्नरला लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहत असलेल्या बागायती मुलुखात त्यांच्या कॅमेऱ्यांना बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर दिसलंच, पण वाघाटीही दिसली. त्याआधी २०१० मध्ये अत्रेय यांनी एका टिपणाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला होता, की आपण समजतो त्यापेक्षा वाघाटी अधिक सर्रास आढळणारी आहे का? प्रश्न रास्त होता. मात्र नोंदी अशा विखुरलेल्या राहिल्या, तर त्याचं उत्तर मिळत नाही. उसात पिल्लं सापडतात ती तोडणी चालू असते म्हणून. डोंगरउतारावरच्या गवतात किंवा देवराईतल्या ढोलीत कुणी कोयता घेऊन ओळीने पुढे सरकत नाही, म्हणून तिथली पिल्लं कुणाला दिसत नाहीत. जिथे माणसाचा हात पोचतो तिथून नोंदी येतात, आणि मग नकाशावर ते जनावर तिथेच राहतं असं वाटू लागतं. हा नकाशा माणसाच्या वावराचा होतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत वाघाटी २००२ पासून ‘असुरक्षित’ गटात होती. २०१६ च्या मूल्यांकनात तिला त्याहून एक पायरी सौम्य अशा, धोक्याच्या उंबरठ्यावरच्या गटात हलवलं. मग चिंता कशाची? जी जात सापडतच नव्हती ती आता सगळीकडे सापडू लागली, ही चांगलीच बातमी नाही का? बातमी चांगली आहे, हे मान्य. पण ती कशाची बातमी आहे ते नीट पाहायला हवं. नोंदी वाढल्या त्या मुख्यतः कॅमेरे वाढल्यामुळे. वाघांसाठी हजारो ठिकाणी कॅमेरे लागले आणि त्यांच्यासमोरून अधूनमधून वाघाटीही गेली. यातून आपल्याला एवढंच कळलं, की ही जात समजत होतो त्यापेक्षा अधिक प्रदेशात पसरलेली आहे. तिची संख्या वाढतेय की घटतेय, हे त्यातून कळत नाही. पसारा मोठा असूनही एखादी जात आतून पोखरली जाऊ शकते. गिधाड हे त्याचं आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे. १९८० च्या दशकापर्यंत गिधाडं गावोगाव होती. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे ती मरत आहेत हे २००४ मध्ये सिद्ध होईपर्यंत त्यांतली बहुतेक संपलेली होती. सर्रास दिसणाऱ्या प्राण्याची मोजदाद करायला हवी असं तेव्हा फार थोड्यांना वाटलं. वाघाटीच्या बाबतीत तर सुरुवातीचा आकडाच हातात नाही. उद्या घट झाली, तर ती कशाच्या तुलनेत मोजणार?

आता पद्धतीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. वाघ-बिबट्यांसाठी कॅमेरे लावताना ते जंगलातल्या वाटांवर, गाडीरस्त्यांवर, समोरासमोर जोडीने आणि साधारण गुडघाभर उंचीवर लावतात, कारण मोठी मांजरं वाटांवरून चालणं पसंत करतात आणि दोन्ही बाजूंचे ठिपके-पट्टे टिपले की प्रत्येक जनावर वेगळं ओळखता येतं. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत १९९० च्या दशकात या ओळखीवर आधारित मोजणीची पद्धत बसवली आणि ती आज सर्वत्र वापरली जाते. वाघाटी वाटेवर फारशी येत नाही. ती बांधाच्या कडेने, ओढ्याच्या घळीतून, झुडपाच्या मुळाशी फिरते, झाडावरही चढते. गुडघाभर उंचीवरच्या कॅमेऱ्याच्या नजरेखालून ती सहज निघून जाते. शिवाय हे कॅमेरे अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतल्या फरकावर चालतात. एप्रिलच्या रात्री जमीनच तापलेली असते आणि दीड किलोच्या देहाची उष्णता तिच्यात मिसळून जाते. त्यामुळे कॅमेरा जागाच होत नाही. तेव्हा कॅमेरे वीतभर उंचीवर, वाटांऐवजी बांध-ओढे-कपारींजवळ आणि शक्यतो थंडीत लावायला हवेत. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजायची प्रथा आहे. लोकांना जंगलाशी जोडण्यासाठी ती चांगली आहे, पण वाघाटीसारख्या प्राण्याबद्दल ती जवळपास काहीच सांगू शकत नाही.

कॅमेऱ्यात वाघाटी आली नाही, याचा अर्थ ती तिथे नाही असा होत नाही. हे म्हणणं पळवाट वाटू नये म्हणून थोडा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या देवराईत वाघाटी खरोखरच राहते, पण एका रात्रीत ती आपल्या कॅमेऱ्यात टिपली जाण्याची शक्यता शंभरात एक आहे. कॅमेरा सलग तीस रात्री ठेवला तरी ती एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के उरते. म्हणजे चार देवरायांपैकी तिघींना आपण चुकून ‘वाघाटी नाही’ असा शिक्का मारू. हीच शक्यता कॅमेऱ्याची जागा आणि उंची बदलून शंभरात पाचवर नेली, तर तीस रात्रींनंतरची चूक २१ टक्क्यांवर येते. हा फरक निव्वळ पद्धतीने पडतो. डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेलं संख्याशास्त्र इथे कामाला येतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा पाहणी करायची, दिसलं-न दिसलं याची नोंद ठेवायची, आणि त्या नोंदींवरून ‘दिसण्याची शक्यता’ आणि ‘असण्याची शक्यता’ या दोन गोष्टी वेगळ्या काढायच्या. एकेक मांजर ओळखायची गरज या पद्धतीत पडत नाही. वाघाटीच्या अंगावरच्या तांबूस-विटकरी ठिपक्यांच्या ओळी रात्रीच्या धुरकट, करड्या छायाचित्रात बिबट्याच्या ठिपक्यांसारख्या स्पष्ट उठत नाहीत. त्यामुळे तिच्यासाठी हीच पद्धत अधिक प्रामाणिक आहे. गळ्यात रेडिओ पट्टा बांधण्याचा मार्गही अरुंद आहे. पट्ट्याचं वजन जनावराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांच्या आत असावं, असा संकेत आहे. सव्वा किलोच्या वाघाटीसाठी ते जेमतेम चाळीस ते साठ ग्रॅम होतं. इतक्या हलक्या पट्ट्यात बॅटरी किती टिकणार, याला मर्यादा आहे. विष्ठेतल्या डीएनएवरून जात ओळखणं हा तिसरा मार्ग. भोर-वेल्ह्यात तो आवश्यकच ठरेल, कारण गावमांजर, रानमांजर आणि वाघाटी यांची विष्ठा नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळी करता येत नाही.

दुसरा आक्षेप संवर्धनाच्या क्षेत्रातूनच येतो. वाघ वाचवला की त्याच्याबरोबर सगळं जंगल वाचतं, बिबट्या टिकला की खालची साखळी टिकलेली असते, मग प्रत्येक लहानसहान प्राण्यासाठी वेगळा अभ्यास कशाला? जिथे वाघ आहे आणि त्याच्यासाठी मोठं अरण्य राखलेलं आहे, तिथे या म्हणण्यात तथ्य आहे. भोर-वेल्ह्यात वस्तीला असलेला वाघ नाही, बिबट्या आहे. आणि बिबट्याबद्दल अकोल्याचा अभ्यास काय सांगतो, ते पाहण्यासारखं आहे. तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे ज्या मुलुखात भेकर नाही, डुक्कर नाही, झाडोराही फारसा नाही, तिथेही उकिरड्यावर पोसलेल्या कुत्र्यांवर बिबट्या तग धरू शकतो. तेव्हा वेल्ह्याच्या एखाद्या गावात बिबट्या दिसला, तर तिथली जमीन निरोगी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. वाघाटी उंदीर, पाली-सरडे, बेडूक, पाखरं आणि किडे खाते. तिला लपायला गवत-झुडूप लागतं आणि पिल्लांसाठी ढोली किंवा कपार. उकिरड्यावर तिचं भागत नाही. म्हणून बांध, ओढा, देवराई आणि पडीक रान यांची खरी तब्येत बिबट्यापेक्षा वाघाटी अधिक नेमकी सांगेल. या भागात जमिनीचं काय चाललं आहे हे समजून घ्यायचं असेल, तर जिच्याखाली बाकी सगळं वाचेल अशी छत्री म्हणून बिबट्या अपुरा आहे. माझ्या मते या संपूर्ण युक्तिवादातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

जमिनीचं काय चाललं आहे, ते थोडक्यात सांगतो. पुण्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर असल्यामुळे पानशेत-वरसगावच्या काठांपासून भोरच्या दऱ्यांपर्यंत प्लॉट पडत आहेत, उतार कापले जात आहेत, फार्महाऊसभोवती कुंपणं आणि राखणीला कुत्री येत आहेत. कुत्र्यांचा परिणाम केवळ जनावर मारण्यापुरता नसतो. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अबी वनक यांनी केलेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या वावरामुळे खोकड आपल्या वावरण्याच्या जागाच बदलते, असं दिसून आलं. खोकडीहून लहान असलेल्या वाघाटीवर हा दाब किती पडत असेल, याची तपासणी फार्महाऊसच्या पट्ट्यात आणि त्याबाहेर कॅमेरे लावून सहज करता येईल. दुसरी गोष्ट वणव्याची. फेब्रुवारीपासून पुढे सह्याद्रीचे उतार पेटतात आणि त्यातले बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात. जुन्नरच्या उसात पिल्लं सापडतात तो काळ आणि वणव्याचा काळ बराचसा एकच आहे. डोंगरातल्या माद्याही त्याच सुमारास वीत असतील, तर उघड्या उतारावरची वीण आगीच्या तोंडी जात असण्याची शक्यता मोठी आहे. यात एक भेद मात्र पाळायला हवा. भाताच्या रोपांसाठी शेतकरी खाचरात राब भाजतो ती आग आखलेली असते, तिच्यावर माणसांची नजर असते. मोकळ्या डोंगराला लावलेला वणवा ही वेगळी गोष्ट आहे. दोघांना एकाच दोषाचं धनी केलं, तर शेतकरी अभ्यासकाला दारातही उभं करणार नाही, आणि ते बरोबरच असेल. तिसरी गोष्ट महामार्गाची. कात्रजपासून खंबाटकीपर्यंतच्या रस्त्यावर रात्रीच्या वाहतुकीत लहान प्राणी चिरडले जातात आणि सकाळपर्यंत कावळे-कुत्री त्यांचा मागमूस ठेवत नाहीत. पहाटे ठरावीक अंतर चालून अशा मृत प्राण्यांची नोंद घेणं हे कमी खर्चाचं आणि फार उपयोगी काम आहे. मेलेल्या वाघाटीच्या ऊतींतून तिच्या डीएनएची, रोगांची आणि विषबाधेची अशी माहिती मिळते, जी जिवंत वाघाटीकडून मिळणं दुरापास्त असतं.

विषाचा मुद्दा आला, म्हणून त्यावर थोडं थांबतो. उंदीर मारण्यासाठी वापरलं जाणारं ब्रोमाडायोलोन रक्त गोठू देत नाही. ते खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत राहतो, मंदावतो, आणि असा उंदीर पकडणं मांजराला सोपं जातं. कॅलिफोर्नियात बॉबकॅट या रानमांजरावर झालेल्या अभ्यासांत अशा विषांचे अंश जनावरांच्या शरीरात सापडले आणि त्यांचा जीवघेण्या खरजेशी संबंध दिसून आला. इथेही तसंच होत असेल असं मी म्हणत नाही. मात्र ज्या तालुक्यांत भात, ऊस आणि फार्महाऊस शेजारी शेजारी आहेत तिथे हे तपासलं पाहिजे. मांजर आणि उंदराच्या या नात्याची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या फायद्याची आहे. शोमिता मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी सरिस्कात रानमांजराच्या आहाराचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर-घुशी खातं, म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. वाघाटी त्याहून पुष्कळ लहान आहे, तिचा आकडा कमीच असेल. पण भाताच्या खाचराच्या बांधाला उंदरांनी पाडलेली भोकं आणि त्यांतून वाहून जाणारं पाणी ज्याने पाहिलं आहे, त्याला या हिशेबाचं महत्त्व वेगळं सांगावं लागणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे आणि तो लोकांच्या दुःखातून येतो. जुन्नर-शिरूरकडे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं दगावतात, माणसं संध्याकाळनंतर घराबाहेर पडायला घाबरतात, आणि तुम्ही मांजराच्या अभ्यासाला पैसे मागता? या रागाला उत्तर देताना आवाज खालीच ठेवायला हवा. पण जुन्नरनेच आपल्याला शिकवलेली एक गोष्ट या रागापुढे ठेवणं भाग आहे. बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले की प्रश्न मिटेल, असं एकेकाळी गृहीत धरलं होतं. ते कुणी तपासलेलं नव्हतं. पुढे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिलं, की बिबटे आणून सोडण्याचं काम वाढल्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले होते. अज्ञानाची किंमत तिथल्या कुटुंबांनी मोजली. त्या अनुभवाचा अर्थ असा, की अभ्यास हा संकट टळल्यावर करायचा शौक नव्हे, संकटाच्या काळात तो आधी लागतो. वाघाटीचा या प्रश्नाशी थेट संबंधही आहे. उसात ठिपक्यांचं पिल्लू सापडलं की ते बिबट्याचंच असं समजून गावात घबराट उडते, पिल्लू उचलून नेलं जातं, कधी जमाव जमतो. भोर तालुक्यात निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना आहे, नीरेकाठी ऊस आहे, आणि तोडीला बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. दोन पिल्लांमधला फरक मुकादमाला आणि तोडकऱ्यांना ठाऊक असेल, तर निम्मी घबराट तिथेच थांबते. तो फरक कसा सांगायचा, पिल्लू जागचं न हलवता आईची वाट किती वेळ पाहायची, हे ज्ञान जुन्नरला पिल्लं परत आईकडे पोचवणाऱ्यांनी कमावलेलं आहे. ते दक्षिणेकडे आणायला फार पैसे लागत नाहीत.

चौथा आक्षेप अभ्यासकांविरुद्ध गावकऱ्यांचा. आम्हाला सगळं माहीत आहे, तुम्ही कॅमेरे लावून काय नवीन सांगणार? यातलं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं फार मोलाचं आहे. कोणत्या घळीला पाणी टिकतं, कोणत्या देवराईत जुनं ढोलीचं झाड आहे, कोणता उतार दरसाल पेटतो, हे गुराख्याला, महादेव कोळ्याला, कातकऱ्याला, गवळी धनगराला जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. कॅमेरे कुठे लावायचे हे त्यांना विचारूनच ठरवायला हवं, आणि त्या कामाची मजुरी रोख द्यायला हवी. उरलेलं अर्धं म्हणजे ओळख पटवणं. रात्रीच्या अंधुक उजेडात क्षणभर दिसलेलं ठिपक्यांचं मांजर वाघाटी होतं, रानमांजराचं पिल्लू होतं की गावमांजर, हे अनुभवी माणसालाही नेहमी सांगता येत नाही. गावमांजराशी संकर होण्याचा धोका तर डोळ्यांना दिसतच नाही, तो फक्त डीएनएत दिसतो. गावाचं ज्ञान जागा दाखवतं आणि प्रयोगशाळेचं ज्ञान ओळख पक्की करतं. एकाने दुसऱ्याला कमी लेखण्याचं कारण नाही.

यापेक्षा खोल भीती एक आहे, जी सहसा उघड बोलली जात नाही. इथे दुर्मीळ प्राणी सापडला की सरकार आमच्या जमिनीवर बंधनं आणेल, ही ती भीती. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रावरून गाडगीळ समिती आणि कस्तुरीरंगन समिती यांच्या अहवालांनंतर जे वाद झाले, त्यांमुळे ही भीती घाटमाथ्याच्या गावांत घट्ट बसली आहे. तिला हसण्यावारी नेऊन चालणार नाही. पण भोरच्या बाबतीत एक वेगळी वाट आधीच उघडलेली आहे. २०२२ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ज्या बारा संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली, त्यांत भोरचं सुमारे २८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. संवर्धन राखीव हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आला. तो अभयारण्यापेक्षा वेगळा आहे. तो सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून जाहीर होतो आणि ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत तो येतो त्यांचे प्रतिनिधी त्याच्या व्यवस्थापन समितीत असतात. खाजगी खाचर त्यात येत नाही. वाघाटीचा अभ्यास या समितीच्या कामाला जोडला तर दोन गोष्टी साधतील. एक, राखीव क्षेत्राच्या आत आणि बाहेर एकाच पद्धतीने कॅमेरे लागल्यामुळे संरक्षणाने प्रत्यक्ष काय फरक पडतो हे कळेल. कदाचित असंही निघेल, की वाघाटी राखीव क्षेत्रापेक्षा गावाच्या बांध-पडीक-देवरायांतच अधिक आहे. तसं निघालं तर ते गावाच्या बाजूचं प्रमाणपत्र ठरेल, कारण आजवरच्या शेतीने आणि देवाच्या नावाने राखलेल्या रानाने तिला जागा दिली, असाच त्याचा अर्थ होईल. दुसरी गोष्ट, निष्कर्ष आधी ग्रामपंचायतीत वाचले जातील आणि मग इतरत्र. आपल्याच रानाबद्दल वर्तमानपत्रातून कळण्याची वेळ गावावर येऊ नये.

प्रसिद्धीचा धोका मात्र खरा आहे. नेमकी जागा जाहीर झाली की छायाचित्रकारांच्या गाड्या, रात्रीचे विजेरीचे झोत आणि कधीकधी पिल्लं चोरणारेही पोचतात. भारतातल्या वाघाटीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे, तरी पाळीव प्राणी म्हणून तिच्या लहान आकाराचं आकर्षण मोठं आहे. यावर तोडगा सोपा आहे आणि तो सुरुवातीलाच लेखी ठरवायला हवा. अहवालात गावाचं किंवा देवराईचं नाव नाही, फक्त मोठ्या चौकोनांचा नकाशा. नेमके अक्षांश-रेखांश वन विभाग, संशोधन संस्था आणि संबंधित ग्रामपंचायत यांच्याकडेच. कॅमेऱ्यात माणसं आली, तर ती छायाचित्रं कुणालाही न दाखवता पुसायची. सरपणाला गेलेल्या बाईचा किंवा गुरं चारणाऱ्या पोराचा फोटो कुणाच्या फायलीत पुरावा म्हणून जाता कामा नये. एवढी एक अट मोडली, तर पुढच्या वर्षी एकही कॅमेरा जागेवर राहणार नाही.

काम सुरू करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. दिवाळीनंतर भात निघाल्यावर, दव पडू लागलं की कॅमेऱ्यांचा हंगाम सुरू होतो आणि वणव्यांआधी पहिली फेरी पूर्ण करता येते. धारेवरचं जंगल, देवराई, खाचरं-बांध, माळ-पडीक, ऊस आणि फार्महाऊसचा पट्टा, अशा सहा प्रकारांत सारख्याच संख्येने जागा निवडायच्या. त्याच जागा वणव्यांनंतर पुन्हा, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा. वनरक्षकांच्या नेहमीच्या गस्तीच्या नोंदवहीत लहान मांजरांसाठी एक रकाना, आणि महामार्गावर पहाटेची आठवड्यातून एक फेरी. पहिल्या तीन वर्षांत वाघाटींची संख्या कळणार नाही, आणि ती कळेल असं आश्वासन कुणी देऊही नये. कळेल ते एवढंच, की सहापैकी कोणत्या जमिनीवर ती आहे, आग लागलेल्या उतारावर ती किती हंगामांनी परतते, आणि प्लॉट पडलेल्या दरीत ती टिकते का. भोर राखीव क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा लिहिताना, वणव्याची जाळरेषा कुठे काढायची आणि कोणत्या ओढ्याच्या काठाला हात लावायचा नाही हे ठरवताना, नेमकी हीच माहिती लागणार आहे.